लाकडी देवळातलं कुंकू

त्या देवळात देव पुष्कळ होते, पण एकाच्याही कपाळाला कुंकू नव्हतं. तिथूनच सगळं बिनसलं.

आता सुरुवातीपासून सांगते. नाहीतर आमचे हे म्हणतात, की मी गोष्ट मधूनच उचलते आणि ऐकणारा बिचारा नुसता माना डोलावतो. आमचं गाव सोनाळा. मागं सातपुडा, पुढं रान. गावात आमचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, जोडीला संत्र्याची बाग आणि कपाशी-तूर. देवाच्या दयेनं कमी काही नाही. पोरगा एकच. चौतीस वर्षांचा, शेतकी शिकलेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि दिसायला बापापेक्षा बरा. पण लग्न होत नाही.

होत नाही म्हणजे काय, ते ज्याच्या घरी असा पोरगा आहे त्यालाच कळेल. आम्ही कोणाकडं शब्द टाकला की पहिला प्रश्न यायचा, "पोरगा पुण्याले हाय का?" आम्ही म्हणायचो, "नाई, इथंच हाय, सोनाळ्याले. दुकान पाह्यते." मग पलीकडून एकच शब्द, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही, एवढं समजायला आम्हाला फार दिवस लागले. पोरगी पाहायला जायची वेळच कधी आली नाही. पोरींनी त्याला नापसंत केलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण पोरींपर्यंत तो पोचतच नव्हता. बाहेरच्या बाहेर, मामा-काकांच्या तोंडूनच वाटेला लावला जायचा. पाहण्याच्या कार्यक्रमाला म्हणून त्यानं एक आकाशी शर्ट शिवून आणला होता, तो कपाटात घडीचा घडीच राहिला. हळूहळू त्यानं मित्रांच्या लग्नाला जाणं सोडलं. आहेराचं पाकीट बापाच्या हाती द्यायचा आणि स्वतः दुकानात बसायचा. मी विचारलं, "काऊन नाई जात?" तर म्हणे, "गिऱ्हाईक येतात आई." लग्नसराईत, भर उन्हाळ्यात, बियाण्याच्या दुकानात कोणतं गिऱ्हाईक येतं?

तर आता टूरचं सांगते. बियाण्याची कंपनी चांगला माल खपवणाऱ्या दुकानदारांना थायलंडला फिरवून आणते. पूर्वी नुसते पुरुष जायचे आणि परत आल्यावर बायकोच्या हाती मलमाची डबी ठेवून गप्प बसायचे. मग कंपनीला सुबुद्धी झाली आणि बायकांनाही तिकीट मिळायला लागलं. मी आधी नाहीच म्हटलं होतं. मला विमानाची भीती, आणि तिकडं खायला काय मिळेल त्याची त्याहून जास्त. पण एक दिवस हे मलकापूरच्या मीटिंगहून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "रोहिणखेडचा एक दुकानदार येऊन राह्यला टूरले. बायकोचे गुडघे गेले त्याच्या, म्हून पोरीले आणते म्हणे. पोरगी लग्नाची हाय. म्या विषय काढला."

"मंग? काय म्हणाला?"

"म्हणे, पोरीले इचारून सांगतो. तवर तिकडं भेट होतेच हाय."

कळवतो म्हणाला नव्हता. इचारून सांगतो म्हणाला होता. मी लगेच माळ्यावरून सुटकेस काढली.

पोरगी मला विमानतळावरच आवडली, खोटं कशाला बोलू. अठ्ठावीस वर्षांची, सावळी, केसांची घट्ट वेणी, पायात बूट. बापाची बॅग तिनं ओढली, आणि माझी बॅग सुरक्षेच्या पट्ट्यावरून उचलून दिली ती मी न सांगता. बसमध्ये ती पुरुषांच्या रांगेत बसून कपाशीवरच्या बोंडअळीवर असं बोलत होती, की मोताळ्याचे दोन दुकानदार तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. बापाचं दुकान तीच चालवते, असं कळलं. माझ्या मनात लाडू फुटायला लागले. आमच्या दुकानाला अशीच पाहिजे. मी तिला आमच्या गल्ल्यावर बसवलीसुद्धा. मागच्या भिंतीला कोणत्या रंगाचा पडदा लावायचा तेही ठरवलं.

पोराशी रोज संध्याकाळी फोन व्हायचा. मी आडून आडून सांगायची, "एक पोरगी हाय टूरमधी. हुशार हाय." तो "हं" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हं." तिसऱ्या संध्याकाळी मात्र तो म्हणाला, "उंच हाय का?" एवढंच. पण चार वर्षांत त्यानं कोण्या पोरीबद्दल एवढंही विचारलं नव्हतं. मी यांना हलवून सांगितलं, "अहो, त्यानं उंची इचारली!" हे म्हणाले, "मंग मोजून ये."

त्या देवळाचा कार्यक्रम त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होता. समुद्राला लागूनच ते उभं आहे आणि सगळं लाकडाचं आहे. म्हणजे आमच्याकडं सागवानी दारावर वेलबुट्टी असते तसलं नाही. जमिनीपासून कळसापर्यंत विटेचा तुकडा दिसत नाही. खांब, भिंती, छत, जिकडं बघावं तिकडं कोरलेलं. नाचणाऱ्या बाया, हत्ती, चार तोंडांचे देव, हात जोडलेले लोक, अंगावरच्या दागिन्याचा मणीन् मणी वेगळा. सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं आणि त्या उन्हात लाकडाचा भुसा उडत होता. काम अजून चालूच होतं. एका शेडमध्ये बाया मांडी घालून बसल्या होत्या आणि छिन्नी-हातोडीनं पाकळ्या काढत होत्या. काम चालू म्हणून आम्हाला सगळ्यांना फाटकावरच पिवळी हेल्मेटं दिली होती. नऊवारी नेसलेली जळगाव जामोदची एक म्हातारी आमच्यात होती, तिच्याही डोक्यावर हेल्मेट. बाहेर समुद्र राखाडी-हिरवा, आणि वारा असा की पदर जागेवर राहीना.

आमचा गाईड हिंदी बोलायचा. तो म्हणाला, हे देऊळ कधीच पुरं होणार नाही. खाऱ्या हवेनं लाकूड खराब होतं, म्हणून एकीकडं नवं बसवेपर्यंत दुसरीकडं बदलायची वेळ येते. मी यांना म्हटलं, "मंग बांधतात कायले?" हे म्हणाले, "तू घरी भांडे कायले घासतं रोज?" सकाळी सकाळी भांडायचा माझा विचार नव्हता. मला त्या दिवशी देवाशी काम होतं.

आत गेल्यावर बायकांची चुळबुळ सुरू झाली. घंटा नाही. पुजारी नाही. तीर्थ नाही, अंगारा नाही, दिवा तर नाहीच, कारण सगळं लाकूड. मलकापूरच्या एक बाई होत्या, आमच्या सगळ्यांच्या पुढारी. त्यांना आम्ही ताईच म्हणायचो. ताई म्हणाल्या, "हे कसलं देऊळ वं? पाया पडाले जागा नाही." मग त्या मोबाईल काढून स्वतःचे फोटो घेत सुटल्या. मी मात्र एका कोपऱ्यात गणपती हेरून ठेवला होता. आपल्यासारखा नव्हता, अंगानं सडसडीत होता, पण सोंड ती सोंडच. त्याच्यासमोर मी हात जोडले आणि म्हटलं, "बापा, मले काही नको. त्याचं जमव. हेच पोरगी दे." डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लांब येऊन, हेल्मेट घालून, पोरासाठी सून मागायची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि मग माझं त्याच्या कपाळाकडं लक्ष गेलं. कोरडं. कितीतरी वर्षांचं कोरडं. माझ्या पर्समध्ये कुंकवाचा करंडा बारमाही असतो. तो कधी उघडला आणि बोट कधी बुडवलं, मलाच कळलं नाही. कपाळ उंच, हाताला लागेना, म्हणून बोट देवाच्या पायापर्यंत गेलं, तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. तिथली एक राखणदार बाई धावत आली. ती काय बोलली ते कळलं नाही, पण हाताच्या खुणेवरून सगळं कळलं. लाकडाला डाग पडतो. बरोबरच होतं तिचं. मी "सॉरी सॉरी" म्हटलं आणि मागं सरकले.

पण बोटावर कुंकू तसंच होतं. आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. देवासाठी काढलेलं कुंकू रुमालाला पुसत नाहीत. कोणाच्या तरी कपाळाला लावावं लागतं. मी लहानपणापासून हेच पाहत आले, मला दुसरं काही येत नाही. बोट हवेत धरून मी वळले. मागं ती पोरगी उभी होती. शिट्टी ऐकून मला सांभाळायला आली होती बिचारी. उकडत होतं म्हणून तिनं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. ती म्हणाली, "काय झालं काकू?" आणि मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

स्वतःच्याच कपाळाला लावता आलं असतं, हे मला नंतर सुचलं. आधी सुचलं असतं तर लावलं असतं का, ते त्या गणपतीलाच ठाऊक.

आमच्याकडं पोराच्या आईनं लग्नाच्या पोरीला असं चारचौघांत कुंकू लावलं, की झालं. पक्कं. साक्षगंध, साड्या, जेवणं हे सगळं त्याच्या मागून येतं, पण शब्द त्या बोटानंच दिलेला असतो. आणि चारचौघं कुठून आले म्हणाल तर शिट्टी ऐकून सगळी टूरच गोळा झाली होती.

"अवं माय!" मलकापूरच्या ताई ओरडल्या. "लावलं का कुंकू? अन् आमाले पत्ता नाही!"

"ताई, तसं नाही..." मी म्हटलं. पण ऐकतं कोण! त्यांचा मोबाईल हातात होताच. फोटो निघाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जामोदची म्हातारी हेल्मेट सांभाळत पुढं आली आणि तिनं पोरीच्या गालावरून बोटं मोडली. तो फोटो मी नंतर पुष्कळदा पाहिला आहे. त्यात पोरीचे डोळे मोठे झालेत आणि मी हसताना दिसते. मी हसत नव्हते हो. घाबरून माझे दात दिसत होते.

फोटो टूरच्या ग्रुपवर पडला. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या घरचे लोक. बघता बघता माझा मोबाईल टुणटुण वाजायला लागला. अभिनंदन, लाडू, फुलं, हात जोडलेले. संग्रामपूरची माझी चुलत नणंद, जिनं दोन वर्षांत फोन केला नव्हता, तिचा पण मेसेज, "मले सांगतलं नाही वं वैनी." आणि त्या सगळ्यांच्या खाली पोराचा मेसेज आला.

"आई, हे खरं हाय का?"

मी तो उघडला. त्याच्याकडं निळी खूण गेली असणार. आईनं वाचलं, एवढं त्याला कळलं आणि पुढं काही नाही. मी काय लिहिणार होते? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तो पुन्हा त्या गल्ल्यामागं जाऊन बसणार. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पर्सची साखळी ओढून घेतली.

तेवढ्यात पोरीचा बाप दुसऱ्या दालनातून आला. हेल्मेट वाकडं, डोळे भरलेले. "वहिनी, तुमी तं कमालच केली!" त्यांनी यांना मिठीच मारली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी अजून बोललोच नव्हतो तिच्याशी. म्हटलं, घरी जाऊन, तिच्या मायसमोर बोलू. बरं केलं तुमी, आता तिले नाई म्हणता येत नाई."

म्हणजे पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. बापानं विचारलंच नव्हतं. ज्या माणसावर मी इतके दिवस भरवसा ठेवून बसले होते, तो आपली सोय पाहणारा निघाला. मी वळून पाहिलं तर पोरगी कुठंच नव्हती. यांनी माझा दंड धरला आणि दातांखालून म्हणाले, "सोताच्या कपाळाले लावता आलं नाई का तुले?" मी म्हटलं, "मले शिकवू नका, जाऊन पोरीच्या बापाशी गोडगोड बोलत राहा." आणि मी तिला शोधायला बाहेर पडले.

ती समुद्राकडच्या कठड्याला टेकून उभी होती. हेल्मेट आता डोक्यावर होतं, पार भुवयांपर्यंत ओढलेलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले. खाली पाणी खांबांवर आपटत होतं.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम लावलं का?"

"नाई वं माय. देवाशप्पत नाई."

"मग पुसू का?"

मला हो म्हणायला पाहिजे होतं. सरळ होतं ते. पण माझ्या तोंडून निघालं, "नको पुसू." आणि मग मी सगळं बोलून टाकलं. पोराचं वय, ते कळवतो, घडी न मोडलेला आकाशी शर्ट, लग्नाला न जाणं, आणि काल त्यानं उंची विचारली तेही. बोलता बोलता मी रडले. ती ऐकत होती. हेल्मेटमुळं तिचे डोळे दिसत नव्हते.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणत नाही. मी त्यांना ओळखतही नाही. पण माझं एक आहे काकू. आईला संडासला न्यायलासुद्धा माणूस लागतं. बाबा उधारी देत सुटतात, दुकान माझ्याशिवाय एक हंगाम टिकणार नाही. मला भाऊ नाही, बहीण नाही. मी घर सोडून जाणार नाही, हे मी ठरवून टाकलंय. ज्याला यायचं असेल त्यानं आमच्याकडे रोहिणखेडला यावं. तुमचा मुलगा येईल का?"

माझं डोकंच फिरलं. रडणं जागच्या जागी थांबलं. "घरजावई?" मी म्हटलं. "एकुलता एक पोरगा हाय माहा. या दावणीचा सोडून त्या दावणीले बांधाले बैल हाय का तो?"

"मग मी गाय आहे का, काकू?"

ती चिडून म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाली. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी आईचं घर सोडून आले, मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. असंच असतं, एवढंच मला म्हणता आलं असतं. ते म्हणायची मला लाज वाटली.

"त्यालेच इचार," मी शेवटी म्हटलं. रागानंच म्हटलं. मला खात्री होती. माझा पोरगा अशा गोष्टीला हो म्हणणार नाही, चांगलं तोंडावर सांगेल. मी पर्समधून मोबाईल काढला, फोन लावला आणि तिच्या हाती दिला. पलीकडून "आई?" ऐकू आलं. तिनं सांगितलं, "आई नाही. मी बोलतेय. फोटोतली."

ती बोलत बोलत कठड्याच्या कडेकडेनं लांब गेली. वाऱ्यानं मला शब्द ऐकू येत नव्हते. नुसती तिची पाठ, वेणी आणि काढून पुन्हा काखेत धरलेलं हेल्मेट दिसत होतं. आधी ती हात हलवून काही समजावत होती. मग ऐकत राहिली, बराच वेळ. मग एकदा हसली. मोठ्यानं हसली, डोकं मागं टाकून. माझ्या पोरानं कोणा पोरीला हसवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आता पाहत होते ते इतक्या लांबून. मी मनात देवाचा धावा करत होते, पण नक्की काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं. त्यानं हो म्हणावं की नाही म्हणावं? दोन्हींनी माझा जीव जात होता.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "ते नाही म्हणाले, काकू."

"काऊन?"

"तुमच्यामुळं. आईबाबांना एकटं टाकून येता येणार नाही म्हणाले." तिनं मोबाईल पुढं केला. "आहेत अजून लाईनवर. बोला." आणि ती थोडी बाजूला जाऊन, समुद्राकडं तोंड करून उभी राहिली. तिनं कुंकू अजूनही पुसलं नव्हतं.

"आई," पोरगा म्हणाला. मागं दुकानातला पंखा घरघरत होता. "चांगली पोरगी हाय वं."

"हाव," मी म्हटलं.

"पह्यल्यांदा कोणीतरी माह्याशीच बोललं. एवढ्या दिवसांत पह्यल्यांदा." मग तो म्हणाला, "मलकापूरच्या त्या ताईले सांग, ग्रुपवरचा फोटो काढून टाका म्हणा. तिले तरास व्हईन गावात. आपलं काही नाई."

"सांगते."

"मंग ठेवू?"

माझा जीव भांड्यात पडला होता, खरं तेच सांगते. पोरगा माझाच राहिला होता. त्यानं तिला नाही म्हटलं होतं आणि ते माझ्यासाठी म्हटलं होतं, याचा मला आतून गर्वसुद्धा झाला. आणि माणूस निश्चिंत झालं की उदार होतं. पाहुणा चप्पल घालून दारात उभा राहिला की आपण म्हणतो ना, "बसा ना, जेवून जा," तसं मी म्हटलं, "हे पाय, तुले जायचं असन तं जा बापा. आमचं काय, आमी दोघं राहू कसंही."

यावर तो म्हणणार होता, "काहीतरीच काय बोलतं आई." माझ्या कानात ते वाक्य आधीच तयार होतं.

ते आलं नाही. पंखा घरघरत राहिला. दुकानात कोणीतरी काहीतरी मागितलं, त्याला तो म्हणाला, "थांबा भाऊ, एक मिनिट." मग पुन्हा फोनवर आला. आवाज एकदम बारीक झाला होता.

"खरंच म्हणून राह्यली का तू?"

चौतीस वर्षांत मी त्याचे सगळे आवाज ऐकले आहेत. तापातला ऐकला आहे, नापास झाला तेव्हाचा ऐकला आहे, बापावर ओरडतानाचा ऐकला आहे. हा कधीच ऐकला नव्हता. इतका आनंद होता त्यात, आणि तो आनंद मला दिसू नये म्हणून धडपड. श्वास रोखून तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी एक शब्द फिरवला असता तर त्यानं मुकाट्यानं फोन ठेवला असता, आणि पुन्हा कधी हा विषय काढला नसता. हे मला त्या कठड्याशी स्वच्छ कळलं. मी कठडा घट्ट धरला.

"हाव," मी म्हटलं. "खरंच."

"आई, बाबा काय म्हणतीन?"

"बाबाचं मी पाह्यते. तू तिच्याशी बोल. ठेवू नको फोन."

मी चालत पोरीकडं गेले आणि मोबाईल तिच्या हाती दिला. "घे," मी म्हटलं. "त्याले अजून काही सांगायचं हाय." तिनं माझ्याकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं, आणि काही न विचारता कानाला लावला. मी तिथं थांबले नाही. थांबवेचना मला.

आमचे हे पायऱ्यांवर एका लाकडी हत्तीच्या पायाशी उभे होते आणि पोरीच्या बापाकडून फोटो काढून घेत होते. मला पाहून त्यांनी हात हलवला. मी गेले आणि शेजारी उभी राहिले.

"कोणाचा फोन होता?" त्यांनी समोर पाहतच विचारलं.

"पोराचा. चालला तो."

"कुठी?"

"रोहिणखेडले," मी म्हटलं, आणि तिथंच, सगळ्या टूरसमोर, मला रडू फुटलं.